४४ फूट तेल

बॉलिंगच्या लेनवर तेल असतं हे पुण्या-मुंबईच्या मॉलमध्ये वाढदिवसाच्या निमित्ताने खेळायला जाणाऱ्याला बहुधा माहीत नसतं, आणि त्यावाचून त्याचं काही अडतही नाही. रॅकवरचे सामायिक बॉल कडक, गुळगुळीत प्लास्टिकचे असतात. ते तेलावरूनही सरळ जातात आणि कोरड्यावरूनही जवळपास सरळच. भानगड सुरू होते ती बॉल वळवायला शिकल्यावर.

मी डेट्रॉइटच्या उपनगरात राहतो. इथे बॉलिंग म्हणजे हिवाळ्यातला नेम. गाड्यांच्या कारखान्यांतल्या लोकांच्या लीग पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्यात, आणि जवळच्या ॲलन पार्कमधलं थंडरबोल तर ९० लेनचं आहे. ऑफिसच्या लीगमध्ये मी बरीच वर्षं खेळत होतो, सरासरी १९० च्या आसपास, म्हणजे मिरवण्याइतकी. आमच्या टीममध्ये एक काका आहेत, निवृत्त इंजिनियर, मूळचे सांगलीचे. ते एकदा म्हणाले, "अरे, हे काय खेळणं झालं? स्पोर्ट लीगला ये माझ्याबरोबर. मग कळेल तुला, बॉल तू वळवतोस की लेन."

काकांच्या बोलण्यात तथ्य होतं. नेहमीच्या लीगला जे तेल घालतात त्याला हाउस शॉट म्हणतात. लेनची रुंदी साडेएकेचाळीस इंच, म्हणजे ३९ फळ्या (हल्ली बहुतेक ठिकाणी लाकूड नसतं, फळ्या नुसत्या छापलेल्या असतात). फाउल लाइनपासून पहिली पिन ६० फुटांवर. हाउस शॉटमध्ये साधारण ४० फुटांपर्यंत तेल घालतात, तेही मधल्या फळ्यांवर भरपूर आणि कडेला नावापुरतं. मध्य आणि कड यांचं प्रमाण दहास एकच्या घरात जातं. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा बॉल जरा जास्त उजवीकडे गेला, तर कडेचा कोरडा भाग त्याला पकडून आत वळवतो. डावीकडे गेला, तर मधलं तेल त्याला फार वळू देत नाही. लेन तुमच्या चुका पोटात घालते. स्पोर्ट लीगच्या पॅटर्नमध्ये, म्हणजे तेल घालायच्या नमुन्यात, हेच प्रमाण तीनास एक किंवा त्याहूनही कमी. मध्येही तेल, कडेलाही तेल, आणि आमच्या लीगचा पहिला पॅटर्न होता ४४ फुटी.

एका लेनवर किती तेल पडत असेल? साधारण २५ मिलिलिटर. पाच चहाचे चमचे! मी ऑफिसात बसून हिशोब केला. एवढं तेल ४४ फूट लांब आणि साडेतीन फूट रुंद जागेवर सारखं पसरलं, तर थराची जाडी दोन मायक्रॉनच्याही आत येते. केस याच्या कितीतरी पट जाड असतो. या दोन मायक्रॉननी पहिल्या महिन्यात माझी सरासरी १६० च्या घरात आणून ठेवली.

कारण साधं आहे. तेलावरचा घर्षणांक ०.०४ च्या आसपास आणि कोरड्यावरचा ०.२ च्या आसपास, म्हणजे पाचपट. हातातून सुटलेला बॉल आधी घसरतो, मग लेन पकडून वळतो, आणि शेवटी वळणं संपवून नुसता गडगडत जातो. हे तिन्ही टप्पे ६० फुटांत आणि अडीचेक सेकंदांत उरकायचे असतात. स्ट्राइकसाठी, म्हणजे एका फेकीत दहाही पिना पाडायला, बॉल पहिल्या आणि तिसऱ्या पिनच्या मधल्या फटीत साधारण सहा अंशांच्या कोनात शिरला तर उत्तम. सरळ फेकलेल्या बॉलला हा कोन कधीच मिळत नाही, म्हणून तर वळवायची सगळी उठाठेव. माझा तेव्हाचा बॉल पर्ल रिॲक्टिव्ह (आवरणाचा एक प्रकार) होता, वर चकचकीत पॉलिश. हाउस शॉटवर तो छान लांब जायचा आणि शेवटी झटकन वळायचा. ४४ फुटी तेलावर तो नुसता लांब जायचा. उरलेल्या १६ फुटांत वळायला सुरुवात होईपर्यंत पिना आलेल्या असायच्या. फटीत शिरलाच तर असा मरगळलेला शिरायचा की सहावी पिन उजव्या कोपऱ्यातल्या दहावीवर आदळायच्या ऐवजी बाजूच्या गटरात हळूच आडवी व्हायची आणि दहावी जागच्या जागी उभी. कधीकधी तर पाचवीच उभी राहायची, म्हणजे पिनांना धडकून बॉल बाहेर फेकला गेल्याचा पक्का पुरावा.

आपल्याकडे असं झालं की माणूस जोर लावतो. टीममधल्या एकाने तेच केलं. जोराने फेकलेला बॉल तेलावर अजून लांब घसरतो, त्यामुळे त्याचं पहिल्यापेक्षा वाईट झालं. काकांनी मला फेकणं थांबवून बघायला लावलं. लेनकडे नाही, परत येणाऱ्या बॉलकडे.

ही गोष्ट मला कुणी आधी दाखवली नव्हती. बॉल रिटर्नमधून बॉल वर आला की पुसायच्या आधी तो दिव्याखाली फिरवायचा. त्यावर तेलाची गोल वलयं दिसतात, एकाशेजारी एक. बॉलच्या आत वजनाचा विषम गाभा असतो, त्यामुळे फिरता फिरता त्याचा आस सरकत जातो आणि प्रत्येक फेऱ्यात बॉलची नवी, कोरडी पट्टी लेनला टेकते. वलयं एका जागी एकमेकांना छेदून मग पंख्यासारखी पसरतात. वलयं जितकी दूर दूर, तितकी कोरडी कातडी लेनला मिळतेय. माझ्या बॉलवर ती एकमेकांना चिकटून होती, आणि अगदी शेवटच्या वलयालाही बोट लावलं तर ओलं. याचा अर्थ बॉल पिनांपर्यंत तेलातच लोळत गेला होता. तेल लेनवर डोळ्यांना दिसत नाही. ते बॉलवर असं लख्ख दिसतं.

नवा बॉल घ्यायचं ठरलं. प्रो शॉपवाले, म्हणजे बॉल विकून त्याला भोकं पाडून देणारे, गृहस्थ मुरलेले होते. मी गाभ्याचे आकडे वाचून गेलो होतो, आरजी (वजन केंद्रापासून किती दूर) किती आणि डिफरेन्शियल (वलयं किती पसरतील याचा आकडा) किती. ते त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, गाभा नंतर बघू, आधी कातडं. तेलावर बॉल काय करणार यातला मोठा वाटा वरच्या आवरणाचा आणि त्यावर किती नंबरचा पॅड (घासायची खरखरीत चकती, नंबर कमी तितकी खरखर जास्त) मारलाय याचा. प्लास्टिक तेलावर घसरतं. युरेथेन जरा पकडतं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आलेलं रिॲक्टिव्ह रेझिन सूक्ष्म छिद्रांचं असतं, ते तेल चक्क पिऊन टाकतं. त्यातही पर्लपेक्षा सॉलिड आवरण तेलात लवकर पकड घेतं. शेवटी १५ पौंडी सॉलिड रिॲक्टिव्ह ठरला, गाभा असममित, कारण वलयं पसरायला हवी होती. बॉल आणि ड्रिलिंग मिळून दोनशे डॉलरच्या वर गेले. त्याचा हिशोब घरी अजून पूर्ण दिलेला नाही.

ड्रिलिंगचं काम शिंप्याच्या मापासारखं चालतं. अंगठ्यापासून मधल्या बोटांच्या सांध्यापर्यंतचं अंतर, अंगठ्याची जाडी, तो पेराशी कसा वाकतो, सगळं टिपून घेतात. मग जुन्या बॉलवरच्या तेलाच्या वलयांवरून तुमच्या फिरकीचा आस शोधतात. बॉलवरचा एक रंगीत ठिपका म्हणजे गाभ्याचं डोकं, त्याला पिन म्हणतात. ही पिन आसापासून सव्वातीन ते साडेतीन इंचांवर ठेवली की वलयं सगळ्यांत जास्त पसरतात. माझा बॉल तसाच पाडून घेतला. पूर्वी तोल बदलायला चौथं भोकही पाडायचे. १ ऑगस्ट २०२० पासून युनायटेड स्टेट्स बॉलिंग काँग्रेसने ते बंद केलं, त्यामुळे आता जे काय साधायचं ते बोटांच्या भोकांच्या जागेवरूनच.

बॉल कारखान्यातून २००० ग्रिटचा आला होता. गृहस्थांनी तो स्पिनरवर, म्हणजे बॉल फिरवणाऱ्या यंत्रावर, चढवला, पाणी मारलं आणि १००० चा पॅड सगळ्या बाजूंनी दाबून फिरवला. राखाडी पाणी ओघळलं. हात फिरवला तर मऊ वाटत होतं, पण नखाला बारीक खरखर लागत होती. हीच खरखर तेलाच्या थरातून खाली लेनपर्यंत पोचते. हे सगळं आधीच करून घ्यायचं, कारण सामना सुरू झाल्यावर बॉलला पॅड लावायला मनाई आहे.

नियम इतके काटेकोर का, हे काकांनी सांगितलं. त्यांना जुन्या गोष्टींचा भारी सोस. १९७३ साली डॉन मॅककून नावाच्या व्यावसायिक खेळाडूने प्लास्टिकचा बॉल रसायनात भिजवून मऊ केला आणि त्या एका वर्षात सहा स्पर्धा मारल्या. मऊ बॉल लेनला धरून चालायचा. मग सगळेच घरी बॉल भिजवायला लागले, आणि पुढे बॉलच्या कडकपणाला किमान मर्यादा आली. मला स्वतःला मॅककूनचं कौतुकच वाटतं. गाभ्याची आकडेमोड कुणी करायच्या आधी त्याने नेमकी नस पकडली होती.

नव्या बॉलची पहिली संध्याकाळ छान सुरू झाली. लांब पॅटर्नसाठी इथे एक ढोबळ सूत्र वापरतात: तेलाच्या लांबीतून ३१ वजा करायचे. ४४ वजा ३१ म्हणजे १३. तेल संपतं तिथे बॉल उजवीकडून तेराव्या फळीच्या आसपास हवा. मला हाउस शॉटवर कडेच्या पाचव्या-सहाव्या फळीपर्यंत बॉल झुलवायची सवय. ती मोडून लाइन आत आणली. बॉल लेनवर आखलेल्या बाणांच्या पुढे गेल्यावर लगेच लेन वाचायला लागला. वळण झटक्याचं नव्हतं, लांबलचक, कमानीसारखं होतं, आणि धडक खणखणीत. परत आलेल्या बॉलवर वलयं सुटी सुटी, शेवटचं जवळपास कोरडं.

दुसऱ्या गेमच्या अखेरीस पुन्हा दहावी पिन उभी राहायला लागली. सहावी परत गटरात आडवी. दिसायला हुबेहूब जुनं दुखणं. मी बॉलला आणखी खरखरीत करायच्या विचारात होतो, तर काका म्हणाले, "बॉल बघ आधी." बॉलवर तेल जेमतेम होतं. रिॲक्टिव्ह बॉल लेनवरचं तेल उचलतात, आणि दोन्ही टीम मिळून त्याच पट्ट्यातून फेकत होत्या. आमची वाट कोरडी पडली होती, बॉल फार आधीच पकड घेत होता आणि वळायची सगळी ताकद पिनांच्या अलीकडेच संपवत होता. तेल जास्त झालं तर बॉलचं वळण अजून सुरूच होत नाही. तेल कमी झालं तर ते आधीच आटोपलेलं असतं. दोन्हीकडे पिनांवरची धडक तशीच मरगळलेली आणि तीच दहावी पिन उभी. इलाज मात्र अगदी उलटे. पाय दोन फळ्या आणि नजर एक फळी डावीकडे सरकवली, म्हणजे पुन्हा तेलात, आणि गाडी रुळावर आली. उरलेली दहावी उडवायला जुना प्लास्टिकचा बॉल, सरळ. तिथे वळणाचं कौतुक नको.

आता देखभाल. १००० च्या पॅडने आलेली खरखर काही गेममध्ये लेनवर घासून घासून जाते, पॅड पुन्हा मारावा लागतो. खेळताना दर वेळी कोरड्या टॉवेलने पुसायचं, आणि खेळ संपल्यावर बॉल कोमट असतानाच क्लीनर लावायचा. थंड झाला की तेल आत मुरतं. तरी मुरतंच. मग महिन्या-दोन महिन्यांनी भोकांवर टेप चिकटवून बादलीभर गरम पाण्यात, भांड्यांचा साबण घालून, त्याला बुडवून ठेवायचं. पाणी नळाचं गरम. उकळतं अजिबात नाही. थोड्या वेळाने बॉलवर पिवळसर थेंब घामासारखे फुटतात आणि पाण्यावर तवंग येतो. बायकोने दारातून बघून विचारलं, "मुलाला लहानपणी इतक्या प्रेमाने घातली होतीस का रे अंघोळ?" उत्तर देण्यासारखं काही नव्हतं. ओव्हन, डिशवॉशर वगैरे उपाय लोक सांगतात, त्या वाटेला जाऊ नये. आणि मिशिगनच्या जानेवारीत बॉल गाडीच्या डिकीत रात्रभर ठेवू नये. गोठलेला बॉल एकदम उबेत आणला की तडकतो, आणि मग दोनशे डॉलर गेले ते गेलेच.

सीझन संपला तेव्हा माझी सरासरी १७० च्या पुढे होती. हाउस शॉटवाल्यांना हा आकडा सांगायला अजून जीवावर येतं. पुढच्या टप्प्याचा पॅटर्न जाहीर झालाय, ३५ फुटी. त्यावर हा खरखरीत बॉल अर्ध्या वाटेतच वळून डावीकडच्या गटराच्या दिशेने निघेल. म्हणून काकांचा जुना युरेथेन आत्ताच मागून ठेवलाय. अंगठ्याचं भोक माझ्या मापाचं करून घ्यायचं बाकी आहे.