तेराव्या कोर्सपर्यंत अंगठा पोचवताना

बरोक ल्यूट (गिटारसारखं, बोटांनी छेडायचं जुनं युरोपियन तंतुवाद्य) हातात घेतलं तेव्हा वाटलं होतं की डावा हात रडवणार. गिटारवरून आलेल्या माणसाला असंच वाटतं, कारण तिकडे सगळी मारामारी डाव्या हाताचीच असते. इथे उलटंच निघालं. डी मायनरचं ट्यूनिंग असल्यामुळे ढीगभर स्वर मोकळ्या तारांवरच मिळतात, डावा हात तसा निवांत, आणि उजवा अंगठा बिचारा दिवसभर वरखाली पळतोय.

ज्यांनी हे वाद्य जवळून बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तारा जोडीने लावलेल्या असतात, त्या जोडीला कोर्स म्हणायचं. १३ कोर्स, पण पहिले दोन एकेरी, म्हणजे एकूण २४ तारा. तिसरा ते पाचवा एकाच स्वरात, आणि सहाव्यापासून खाली प्रत्येक जोडीत एक खर्जाची जाड तार आणि सोबत तिचीच वरच्या सप्तकातली बारीक तार. पहिले सहा कोर्स एफ, डी, ए, एफ, डी, ए असे लागतात आणि सातव्यापासून जी, एफ, ई, डी, सी, बी, ए असा पायऱ्यांनी खाली उतरत जाणारा खर्ज, जो बहुतेक वेळा मोकळाच वाजतो. म्हणजे वाजवतो कोण, तर अंगठा. एकटा.

आता माप. क्लासिकल गिटारच्या घोडीवर पहिल्या तारेपासून सहाव्या तारेपर्यंत साधारण ६ सेंमी असतात. १३ कोर्सच्या ल्यूटवर पहिल्यापासून तेराव्यापर्यंत १५ ते १६ सेंमी. माझी अख्खी वीत २० सेंमीची आहे, पण ती पंजा ताणून टेबलावर ठेवल्यावर, आणि अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. वाजवताना बोटं वाकलेली असतात, करंगळी घोडीजवळ पाटावर (वाद्याच्या वरच्या फळीवर) टेकलेली असते, आणि अंतर मोजायचं असतं ते अंगठा ते मध्यमा. ते निवांत स्थितीत जेमतेम ११.

त्यामुळे स्वतःसाठी वाद्य बनवून घेताना मी शहाणपणा केला. कारागिराला सांगितलं की माझा हात लहान आहे, घोडीवरचं अंतर १५५ मिमीऐवजी १४५ करा. त्यांनी दोनदा विचारलं, नक्की ना? मी म्हटलं नक्की. (माणूस दोनदा विचारतो तेव्हा थांबावं हे मला एरवी कळतं.)

झालं काय, तर एका जोडीतल्या दोन तारांमधली फट त्यांना कमी करता येईना. तिथे आधीच ४-५ मिमी असतात, खर्जाची तार ढिली आणि लांब झोका घेणारी, आणखी जवळ आणली तर दोघी एकमेकींवर आपटून खडखडतात. म्हणून सगळे १० मिमी दोन कोर्सच्या मधल्या बारा फटींतून गेले. प्रत्येकी ०.८ मिमी. ऐकायला काहीच नाही! पण साडेआठ मिमीच्या फटीतून ०.८ गेलं की जवळजवळ एक दशांश फट गेली, आणि माझ्या अंगठ्याच्या टोकाची जाडी काही एक दशांशाने कमी झाली नव्हती.

हे का महत्त्वाचं आहे ते मला तेव्हा कळलंच नव्हतं. अंगठा खर्ज छेडतो तो खाली दाबत छेडतो, आणि छेडून झाल्यावर पुढच्या, म्हणजे वरच्या स्वराच्या कोर्सवर टेकून थांबतो. म्हणजे दहावा वाजवायचा तर अंगठा आधी दहा आणि अकराच्या मधल्या फटीत उतरायला हवा, तिथून दोन्ही तारा एका फटक्यात घेऊन नवव्यावर टेकायला हवा. फट अरुंद झाली की उतरतानाच अकराव्याला घासतो आणि डीसोबत एक भुतासारखा सी ऐकू येतो. गंमत म्हणजे तेरावा, ज्याची मला सगळ्यात भीती होती, तो त्या मानाने सोपा निघाला, कारण त्याच्या पलीकडे कोणीच राहत नाही, अंगठा बाहेरून कसाही येऊ दे. खरा त्रास नऊ, दहा, अकरा या मधल्या गर्दीचा.

आणि हात ताणावा लागतो त्याचं काय? १५५ चे १४५ झाले, म्हणजे सहा टक्के. हाताला फरक जाणवलासुद्धा नाही.

नंतर जुनी चित्रं आणि जुनं लिखाण बघत बसलो. फ्रांस्वा द त्रुआ या चित्रकाराने १६९० मध्ये शार्ल मूतों या ल्यूटवादकाचं चित्र काढलंय, लूव्हरमध्ये आहे. त्यात ११ कोर्सचं ल्यूट, हात घोडीच्या बराच जवळ आणि अंगठा बोटांपासून लांब बाहेर काढलेला. उलट जर्मन ल्यूटवादक बारोन ल्यूटवरच्या आपल्या १७२७ च्या पुस्तकात म्हणतो की घोडी आणि रोझ, म्हणजे पाटावरची ती जाळीची नक्षी, यांच्या मधोमध छेडा. मला हे वाचून एकदम ट्यूब पेटली, आवाजासाठी नव्हे, भूमितीसाठी. तारा मेरूपासून (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) घोडीकडे पंख्यासारख्या पसरत जातात. माझ्या वाद्यावर तारेची लांबी ७० सेंमी आहे, आणि घोडीपासून १० सेंमी पुढे सरकलो तर पहिल्या ते तेराव्याचं अंतर पाऊण सेंमीने कमी होतं. म्हणजे ज्या एका सेंटीमीटरसाठी मी हट्ट केला तो बराचसा हात सरकवून फुकट मिळत होता. अर्थात पूर्ण फुकट नाही, तिथे तारा मऊ लागतात, जास्त हलतात, आणि फटीसुद्धा त्याच प्रमाणात अरुंद होतात. म्हणूनच तर घोडीवर मुळात जागा भरपूर हवी.

दुसरी चूक करंगळीची. टेकवायची असं वाचलं होतं म्हणून मी ती खिळ्यासारखी रोवली होती. करंगळी रोवली की हात तिच्याभोवती फक्त फिरू शकतो आणि उरलेलं सगळं अंतर अंगठ्याच्या मुळातल्या स्नायूने ओढून काढावं लागतं, अर्ध्या तासात तिथे ठणका. आता ती नुसती टेकलेली असते, सहाव्या-सातव्यापर्यंत जागेवर, त्याच्या खाली गेलं की कोपरापासून हात थोडा सरकतो आणि करंगळीही सोबत घसरते, कधी सुटतेही. सुटली तर सुटली.

एकाच वेळी पहिला आणि तेरावा आला तर वरचा स्वर तर्जनीने नाही, मध्यमेने घ्यायचा. माझ्या हातात त्याने जवळपास दोन सेंमी जास्त मिळतात. आणि फ्रेंच लोकांची सेपारे नावाची सोय आहेच, खर्ज आधी आणि वरचा स्वर किंचित मागून. माझा अंदाज असा की ही नजाकत नुसती कानासाठी नसावी, कोणाचा तरी अंगठाही दुखत असणार!

रियाजाला एकच गोष्ट: सहावा ए आणि तेरावा ए, आलटून पालटून, डोळे मिटून. मध्ये ९ सेंमीची उडी. टॅब्लेचरमध्ये, म्हणजे कोणती तार कुठे दाबायची ते दाखवणाऱ्या लिपीत, मोकळा सहावा कोर्स नुसता 'a' या अक्षराने लिहितात आणि तेरावा '६' या आकड्याने, त्यामुळे पहिला आठवडा मी ६ दिसला की सहाव्यावरच जात होतो, ते वेगळंच. बाखच्या ९९५ नंबरच्या जी मायनर सुइटमध्ये तर तेराव्याच्याही खालचा जी लिहिलाय, तो या ल्यूटवर नाहीच. तो मी एक सप्तक वर घेतो, आणि सोडून देतो विषय.

कोणी वाद्य बनवून घेणार असेल तर एवढं करा, जे वाद्य हाताला बरं वाटतं त्याच्या घोडीपाशी तारांखाली कागदाची पट्टी सरकवा आणि चोवीसच्या चोवीस तारांच्या खुणा पेन्सिलीने करून घ्या. एकूण रुंदीचा आकडा सांगून उपयोग नाही, फटी सांगा. मेरूवरच्या खाचा नंतर बदलता येतात, नवा मेरू कापून बसवणं फार मोठं काम नाही. घोडीला मात्र भोकं पाडलेली असतात, ती बुजवून पुन्हा पाडायची म्हणजे कारागिराचं तोंड बघण्यासारखं होतं. माझी पाडून झाली, १५४ वर. त्यांनी या वेळी काही विचारलं नाही.