बळदातल्या बाटल्या

बेळगावातल्या शहापूरच्या आमच्या घरात माजघरातून पाच पायऱ्या खाली उतरलं की बळद लागतं. आजोबांच्या वेळी तिथं वर्षाचं भात आणि जोंधळा भरलेला असायचा. आता दोन रिकामी पिंपं आहेत, आमचा लहानपणीचा पाळणा आहे, आणि भिंतीकडेच्या फळ्यांवर एकतीस बाटल्या आडव्या निजलेल्या आहेत. किल्ली आईकडे असते. तिची अट सुरुवातीपासून एकच, श्रावणात आणि संकष्टीला ते दार उघडायचं नाही. आम्ही ती आजवर पाळत आलोय.

मी जर्मनीत माइंत्सला परत येऊन दोन आठवडे झाले. येताना विमानात ठरवलं होतं की या डिसेंबरच्या सुट्टीबद्दल नीट लिहायचं, कारण "तिकडं जाऊन वाईन प्यायला शिकलीस होय गं?" हा प्रश्न मला बेळगावात प्रत्येक फेरीत कुणीतरी विचारतंच, आणि उभ्या उभ्या दिलेलं उत्तर अपुरं राहतं.

माइंत्समध्ये दर शनिवारी कॅथेड्रलच्या भोवती भाजीबाजार भरतो. सणाच्या आदल्या दिवशी बेळगावच्या गणपत गल्लीत असते तशी गर्दी. मार्च ते नोव्हेंबर या बाजाराच्या एका कडेला आसपासच्या गावांतले बागायतदार आपापली वाईन पेल्यानं विकतात. याला तिथं बाजारातली न्याहारी म्हणतात. माणसं भाजीची पिशवी पायाशी ठेवून एका हातात पाव-सॉसेज, दुसऱ्या हातात पेला घेऊन तासभर गप्पा मारत उभी असतात. आजीबाई असतात, बाबागाडीवाले असतात. ऑफिसातल्या एका मैत्रिणीनं मला पहिल्यांदा तिथं नेलं, तेव्हा मी निव्वळ गर्दी बघायला गेले होते.

ज्या माणसानं मला पहिला पेला दिला त्याच्या नखांत माती होती. मी त्याला विचारलं, ही वाईन कशी आहे? त्यानं चवीचं काही सांगितलंच नाही. 2017च्या एप्रिलात कशी कडाक्याची थंडी पडली, कोवळे फुटवे एका रात्रीत कसे जळाले, मग वेलीच्या उरलेल्या डोळ्यांतून काय फुटलं, हे तो सांगत बसला. मी ऐकत होते आणि मला सारखा अथणीचा आमचा मित्र आठवत होता, घरची द्राक्षबाग असलेला. कॉलेजात असताना ऑक्टोबर-नोव्हेंबरात तो असाच बोलायचा. ढग आले की वर्गात त्याचं लक्ष नसायचं.

मला वाईन तिथं कळली ती अशी. हा शेतीमाल आहे. बहुतेक बाटल्यांवर साल छापलेलं असतं, आणि ते साल म्हणजे कुणाच्या तरी बागेचा हंगाम असतो, चांगला किंवा वाईट. आमच्या बेळगाव, अथणी, विजापूर पट्ट्यातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

माइंत्सहून लोकलनं थोड्याच वेळात नीरश्टाइन गाव लागतं. ऱ्हाइन नदीच्या काठाला तिथली टेकडी लाल आहे. खरीखुरी लाल, खानापूरच्या कुंभारमातीसारखी. पहिल्यांदा बघितली तेव्हा मी वाकून चिमूटभर उचलून बोटांवर चोळली. आपल्या जांभ्यात जसं लोह असतं तसंच त्या मातीतही असतं, रंग त्याचाच. तिथल्या ग्ल्योक नावाच्या लहानशा बागेचा उल्लेख 742 सालच्या दानपत्रात आहे. त्या लाल उतारावर रिसलिंग नावाचं पांढरं द्राक्ष होतं. साखर आणि आंबटपणा दोन्ही भरपूर असल्यामुळे त्याची चांगली वाईन वीस-वीस वर्षं टिकते.

शरद ऋतूत आणखी एक मजा असते. सप्टेंबरमध्ये नुकता आंबायला लागलेला द्राक्षरस बाटलीत मिळतो. गढूळ, गोड, जिभेवर चुरचुरणारा. आत फेस धरत असतो, म्हणून बाटलीचं झाकण पक्कं नसतं आणि ती उभीच न्यावी लागते. तिच्यासोबत कांद्याचा केक खातात. हा रस प्यायला की मला भल्या पहाटेची नीरा आठवते. सूर्य वर आला की नीरेची ताडी व्हायला लागते, तसंच हे. तिथं मात्र त्या बदलत्या अवस्थेचंच कौतुक, वर्षातून काही आठवडे.

आता बेळगावकडे येते.

आमचा सात जणांचा गट कॉलेजपासूनचा. चौघी आम्ही, तिघे ते. एक टिळकवाडीत शिकवते, एकाचं रामदेव गल्लीत कापडाचं दुकान आहे, एक अनगोळला, एक अथणीला शेतावर. काही वर्षांपूर्वी मी सुट्टीत दोन बाटल्या आणल्या आणि टिळकवाडीच्या गच्चीवर उघडल्या. त्याच रात्री भिशी ठरली. महिन्याला प्रत्येकी पाचशे रुपये, ज्याचा नंबर त्यानं त्या महिन्याच्या बाटल्या निवडायच्या. निम्म्या प्यायच्या, निम्म्या ठेवायच्या. मी नसले तरी माझे पाचशे जातात आणि माझ्या वाटणीची निवड मी व्हिडिओ कॉलवरून करते.

पहिल्या वर्षी सात बाटल्या हातच्या गेल्या. त्या आम्ही अनगोळच्या मित्राच्या स्वयंपाकघरातल्या माळ्यावर ठेवल्या होत्या, उभ्या, पत्र्याच्या छपराखाली. एप्रिल-मे गेला आणि बुचं वर सरकून आली. उघडल्या तर सगळ्यांना एकच वास, शिजवलेल्या मनुकांचा. मला फार वाईट वाटलं, कारण त्यात अथणीच्या मित्रानं स्वतःच्या पहिल्या निवडीतून हौसेनं घेतलेली एक होती. त्यानंतर मी आईला बळदाचं विचारलं.

वाईनला अंधार लागतो, बारा-चौदा अंशांचा स्थिर गारवा लागतो, आणि बूच ओलं राहावं म्हणून बाटली आडवी लागते. बारा अंश आपल्याकडे कुठून येणार? पण बळदाच्या भिंती दोन हात जाड आहेत. मी तिथं साधा तापमापक टांगला. जानेवारीत वीस, मेमध्ये सव्वीस. आदर्शाहून हे जास्तच आहे, मात्र दिवसरात्रीत फरक पडत नाही, आणि ते फार महत्त्वाचं. त्रास होतो पावसाळ्यात. बेळगावचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. जुलैत लेबलांवर हिरवी बुरशी चढते आणि साल वाचता येत नाही. आता आम्ही लेबलावर पातळ प्लॅस्टिक गुंडाळतो आणि बाटलीच्या मानेला दोऱ्यानं चिठ्ठी बांधतो. काय, कुठली, कोणी घेतली, कधी उघडायची. पत्ते खेळायला बसल्यासारखे आम्ही त्या चिठ्ठ्या वाचत बसतो.

भारतातल्या बहुतेक पांढऱ्या वाईन एक-दोन वर्षांत पिऊन टाकाव्यात, त्या ताजेपणासाठीच असतात. ठेवण्यासारख्या म्हणजे काही लाल. आमच्या फळीवर नाशिकच्या आहेत, अकलूजची सांजोव्हेजे या इटालियन द्राक्षाची आहे, नंदी हिल्सच्या पायथ्याची आहे, हंपीकडची आहे. सीमाभागातल्या माणसाला एक गोष्ट चटकन जाणवते. दारूचा कायदा ज्या त्या राज्याचा, त्यामुळे अकलूजची बाटली आमच्या दुकानात येते ती 'फक्त कर्नाटकात विक्रीसाठी' असा छाप घेऊन. गोव्याहून चोर्ला घाटानं येताना स्वस्तातली बाटली डिकीत टाकण्याचा मोह अनेकांना होतो, आम्ही तो टाळतो. परदेशातून येताना माणशी दोन लिटरची मुभा आहे, म्हणून मी दरवेळी दोन मोठ्या आणि एक अर्धी बाटली आणते, आईसाठी घेतलेल्या स्वेटरांत गुंडाळून.

आमची एक दोनशेपानी वही आहे. त्यात वास आणि चवी लिहायच्या, आणि मराठीतच, असा टिळकवाडीच्या मैत्रिणीचा आग्रह. सुरुवातीला आम्ही पुस्तकी शब्द शोधत होतो. ज्या फळांची नावं लिहायचो ती आमच्यातल्या निम्म्यांनी कधी खाल्लेलीही नव्हती. मग वही बदलली. आता तिच्यात कवठ आहे, करवंद आहे, काकवी आहे, आल्याचा अलेपाक आहे, पहाटेचा गवती चहा आहे. लाल वाईन पिताना तोंड आवळतं, दात कोरडे पडतात. हे माझ्या जर्मन मैत्रिणी नवशिक्यांना बराच वेळ समजावतात. आपल्याला तो शब्द पाटीवर शिकवलेला आहे. तुरट. कच्च्या जांभळाचा तुरट वेगळा, सुपारीचा वेगळा, हेही आपल्याला कळतं. या बाबतीत आपली जीभ खरोखर श्रीमंत आहे.

जेवणाशी जुळवणं हा माझा आवडता भाग. आमच्या घरचं मटण तिखट, त्यावर तेलाचा तवंग. त्याच्यासोबत जड लाल वाईन घेतली तर तिखट दुप्पट लागतं, कारण अल्कोहोल आणि तुरटपणा दोन्ही ते भडकवतात. त्याउलट हलक्या गोडीची, आठ-नऊ टक्क्यांची रिसलिंग थंड करून द्या, तिखट निवतं आणि मटणाची चव मोकळी होते. यंदा बेळगावच्या गोड कुंद्याशीही जुळवून बघितलं. कोरडी, म्हणजे गोडी नसलेली, वाईन कुंद्यापुढे पाण्यासारखी लागते, म्हणून वाईन पदार्थापेक्षा गोड हवी. अर्धी बाटली मी त्यासाठीच आणली होती, वेलीवरच आक्रसलेल्या मण्यांची. परतून परतून तपकिरी झालेला खवा आणि ती मधासारखी वाईन. कापड दुकानवाला मित्र बराच वेळ काही बोललाच नाही.

वाईन तब्येतीला चांगली असते असं मी कधीच म्हणत नाही. अल्कोहोल ते अल्कोहोलच. आम्ही एकेकाला पन्नास मिली ओततो, एका बाटलीचे पंधरा वाटे होतात. जो गाडी चालवणार तो त्या दिवशी फक्त वास घेतो आणि वही लिहितो. ज्यांना घ्यायचीच नाही त्यांना कुणी आग्रह करत नाही.

यंदाची मोठी बाटली होती 2009ची रिसलिंग. ते आमचं कॉलेजातून बाहेर पडण्याचं साल, म्हणून मी ती नीरश्टाइनच्या एका म्हाताऱ्या बागायतदाराकडून मुद्दाम मागून घेतली होती. तिकडे ते वर्ष उत्तम गेलं. उघडल्यावर गच्चीवर वास पसरला आणि माझी वहिनी पटकन म्हणाली, "रॉकेल गं! आजीचा स्टोव्ह!" अगदी बरोबर. जुन्या रिसलिंगला हा वास येतोच, उन्हात पिकलेल्या द्राक्षात त्याचं मूळ असतं आणि बाटलीत वर्षं गेल्यावर तो उमटतो. आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांपुढे पिन मारून पेटवलेला पितळी स्टोव्ह उभा राहिला. खाली मध, लिंबाची साल, आणि शेवटी अजून शाबूत असलेला आंबटपणा.

अथणीचा मित्र पेला हातात धरून गप्प होता. मग म्हणाला, "नऊ साल म्हणजे पुराचं साल की."

मी ते विसरले होते. 2009च्या सप्टेंबरअखेरीस आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला उत्तर कर्नाटकात झोडपून पाऊस झाला, गावंच्या गावं पाण्यात गेली. त्याच्या वडिलांनी नुकतीच फळछाटणी घेतली होती. पाऊस थांबला तसा डावणी या बुरशीच्या रोगानं कोवळा घड गाठला. त्या वर्षी त्यांनी बाग नांगरून टाकायचा विचार केला होता. पदवीचा निकाल घेऊन तो तडक घरी गेला आणि शेतीतच राहिला, ते त्यामुळे. आम्ही सहा जण पंधरा वर्षं समजत होतो की त्याला नोकरी करायचीच नव्हती. त्या रात्री वहीत 2009च्या पानावर टिळकवाडीच्या मैत्रिणीनं दोन रकाने केले, एक नीरश्टाइनचा, एक अथणीचा.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे त्याच्या बागेत गेलो. माझ्या डोळ्यांत जर्मनीतल्या बागा होत्या, डिसेंबरात काळ्या काटक्या होऊन झोपलेल्या. इथं मांडवाखाली हिरवी सावली आणि घडांचे मणी हरभऱ्याएवढे. आपल्याकडे वेल झोपत नाही, तेवढी थंडीच पडत नाही, म्हणून वर्षातून दोन छाटण्या. एप्रिलची खरड छाटणी काडी तयार करण्यासाठी, ऑक्टोबरची फळासाठी. मी त्याला विचारलं, वाईनची द्राक्षं का लावत नाहीस? 2007 साली कर्नाटकानं वाईन धोरण आणलं तेव्हा त्यांच्या घरी चर्चा झाली होती. तो म्हणाला, "खायची द्राक्षं नाही खपली तर बेदाणा करता येतो. वाईनच्या बारीक, जाड सालीच्या, बियांच्या मण्याला कारखान्याशिवाय गिऱ्हाईक कोण? त्यानं पाठ फिरवली तर मी कुठं जाऊ?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. वाईनप्रेमींच्या गप्पांत शेतकऱ्याच्या फायद्याचं बोलणं फार सहज येतं, तेव्हा मला यापुढे हा प्रश्न आठवेल.

निघताना त्यानं मला मार्चमधला एक किलो बेदाणा दिला. शेडनेटखाली रॅकवर सुकवलेला, हिरवट सोनेरी.

गेल्या शनिवारी मी तो घेऊन नीरश्टाइनला गेले. ज्यांच्याकडून 2009ची बाटली घेतली होती त्या आजोबांना गच्चीवरची हकीकत सांगितली, पुराचीही. त्यांनी एक बेदाणा चिमटीत धरून उजेडात फिरवला, दातांखाली हळू चावला. मग विचारलं, छाटणी कुठल्या तारखेची?

मी तिथूनच अथणीला फोन लावला.