पोटाला चार छिद्रं, ठणका खांद्यात

लग्नाचं जेवण झालं की रात्री दोनला उजव्या फासळीखाली कळ. तीन महिन्यांत तिसऱ्यांदा. ओवा चावला, सोडा घेतला, शेवटी सोनोग्राफी केली तर पित्ताशयात खडे. सासूबाईंनी त्याच संध्याकाळी कुळीथ भिजत घातले. सर्जन म्हणाले, "कुळीथ मुतखड्यासाठी देतात. हे खडे लघवीच्या वाटेवर नाहीतच." "मग नुसते खडे काढा ना," असं आमच्या ह्यांचं. पण पिशवी ठेवली तर पुन्हा खडे होतात. पित्त यकृतात तयार होतं, पिशवी ते फक्त साठवते. त्यामुळे ती गेली तरी चालतं.

आमच्या आत्याचं ऑपरेशन जुन्या पद्धतीचं, वीतभर व्रण आहे. भारतात दुर्बिणीतून पित्ताशय पहिल्यांदा काढलं १९९० साली, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. उडवाडियांनी. माझं तसंच, चार छोटी छिद्रं.

शुद्धीवर आले तेव्हा पोट ताठरलेलं होतं, पण सोसण्यासारखं. रात्री मात्र उजवा खांदा असा ठणकायला लागला की वाटलं, टेबलावर हात मुरगळला. रडवेली होऊन सिस्टरला हाक मारली. सलाईन बदलता बदलता ती म्हणाली, "गॅसचं आहे ताई. सकाळी उठून चाला." आत नीट दिसावं म्हणून पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. तो थोडा मागे राहतो, छातीखालच्या पडद्याला डिवचतो. त्या पडद्याची नस मानेतून निघते, म्हणून दुखणं खांद्यात जाणवतं. आदल्या दिवशी पाच कागदांवर सह्या घेतल्या, हे एक वाक्य मात्र कुणी बोललं नाही! चालत राहिले, तीन दिवसांत खांदा मोकळा झाला.

घरी आल्यावर शिंक आली की आधी पोटाशी उशी धरायची. कुशीवर वळून, हाताचा रेटा देऊन उठायचं. पाण्याची बादली, भरलेला कुकर महिनाभर दुसऱ्यांनी उचलला. ताप, डोळे पिवळे, पोटदुखी वाढली तर लगेच या, असं बजावलं होतं. तसलं काही झालं नाही. तिसऱ्या आठवड्यात तर्रीवाली मिसळ खाल्ली आणि दुपारभर संडासच्या फेऱ्या मारल्या. ती चूक माझीच.

खडे बाटलीत घालून दिले होते. अकरा, हिरवट-तपकिरी, एकमेकांवर घासून पैलू पडलेले. बाटली फ्रीजवर आहे. येणारा प्रत्येक पाहुणा ती कानाशी नेऊन खुळखुळवतो.