चिठ्ठी न देता

टीबीच्या ओपीडीत समुपदेशक म्हणून काम करताना मला सगळ्यात जास्त धास्ती वाटायची ती चिठ्ठीची. एचआयव्हीची तपासणी दुसऱ्या इमारतीत, तीही दुसऱ्या दिवशी. चिठ्ठी घेऊन गेलेला पेशंट तिथे पोचला की नाही, हे कळायला मार्ग नसायचा. अंगात ताप असलेला माणूस किती रांगांत उभा राहणार? एचआयव्हीसह जगणाऱ्यांचे सर्वाधिक बळी टीबीच घेतो, हे जगभर माहीत असूनही दोन विभागांच्या मधल्या अंगणात पेशंट हरवत होते. शेवटी दोन्ही तपासण्या एकाच खोलीत आल्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांत तिशीतला एक जण बायकोच्या खांद्याचा आधार घेत आला. दोन महिन्यांपासून खोकला, रात्री घामाने कपडे ओले, पट्ट्याला खिळ्याने पाडलेली नवी भोकं. बाहेर दोनदा थुंकी तपासली होती, दोन्ही वेळा निगेटिव्ह. "टीबी नाही" असं सांगून त्याला खोकल्याचं औषध दिलेलं. प्रतिकारशक्ती ढासळलेली असली, की थुंकीत जंतू कमी उतरतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाहीत. आजार मात्र अंगभर पसरत असतो. हे रिपोर्टच्या कागदावर कुठेच लिहिलेलं नसतं.

मी त्याच्याशी एकट्याशी बोलले.

"मॅडम, मी खोकल्यासाठी आलोय. एचआयव्हीची तपासणी कशाला?"

"दादा, टीबीचा संशय असलेल्या प्रत्येकाला आम्ही विचारतो. नको म्हणालात तरी टीबीची तपासणी थांबणार नाही."

तो थोडा वेळ पायांकडे बघत बसला. मग बोट पुढे केलं.

पहिली किट रिअ‍ॅक्टिव्ह आली. एवढ्यावर निदान सांगायचं नसतं. वेगळ्या किटवर दुसरी, मग तिसरी चाचणी केली. तिन्ही रिअ‍ॅक्टिव्ह. एचआयव्ही असल्याचं सांगितल्यावर त्याने एकच विचारलं, "तिला काय सांगू?" ते ठरवायला मी त्याला वेळ दिला. हा वेळ कोणत्याही यंत्राने वाचवता येत नाही, आणि वाचवूही नये.

तोवर सिस्टरनी लघवीचा नमुना घेतला. एचआयव्ही असलेल्या गंभीर पेशंटमध्ये टीबीच्या जंतूचा अंश लघवीत सापडतो; पट्टीवर थेंब टाकला की 25 मिनिटांनी वाचायची. फिकट रेघ उमटली. डॉक्टरांनी ती नमुना-कार्डाशेजारी धरून दोनदा पाहिली: पॉझिटिव्ह. थुंकी जीन तपासणीच्या यंत्रात गेली होतीच. तिथेही टीबी निघाला, पण रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला दाद देणारा. टीबीच्या गोळ्या त्याच दिवशी सुरू झाल्या.

एचआयव्हीची औषधं दोन आठवड्यांच्या आत सुरू करायची होती. मेंदूच्या आवरणाचा टीबी असेल तर थोडं थांबावं लागतं, म्हणून डॉक्टरांनी डोकेदुखी विचारली, मान तपासली. रिफाम्पिसिनमुळे डोलुटेग्राविर हे एचआयव्हीचं औषध शरीरातून लवकर बाहेर पडतं, म्हणून 50 मिलिग्रॅमची गोळी दिवसातून एकदा नव्हे, दोनदा. दोन औषधं दोन वेगळ्या टेबलांवर लिहिली गेली, तर नेमकं हेच सुटतं.

बायकोला त्यानेच सांगितलं, मला शेजारी बसवून. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "ताई, माझीही करा." तिची तपासणी निगेटिव्ह आली. पुन्हा तपासणीची तारीख दिली, एक्स-रे काढला आणि टीबी नसल्याची खात्री करून टीबी-प्रतिबंधक गोळ्या सुरू केल्या.

एचआयव्हीची औषधं सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात त्याचा फोन आला. मानेला गाठ आली होती, ताप परतला होता. "औषध अंगावर येतंय, बंद करतो." मी म्हटलं, बंद करू नका, आत्ता या. प्रतिकारशक्ती परत येताना लपलेल्या टीबीवर तुटून पडते, त्यातून असं होऊ शकतं. डॉक्टरांच्या समोर दोन्ही उपचारांची एकच फाइल होती. औषध लागू पडत नाही असं तर नाही ना, हे तपासून त्यांनी सूज उतरवण्याच्या गोळ्या दिल्या आणि बाकी सगळं तसंच चालू ठेवलं. महिन्याभरात गाठ बसली. आता दोन्हीच्या गोळ्या तो एकाच तारखेला, एकाच खिडकीवरून नेतो.