लिमोन तिरामिसू, आठवी खेप: क्रीम फाटायचं थांबलं

तिरामिसू म्हणजे कॉफीत बुडवलेली बिस्किटं आणि मस्कारपोने या मऊ, स्निग्ध इटालियन चीजच्या क्रीमचे थर लावून केलेला गोड पदार्थ; इथे कॉफीऐवजी लिंबू आहे. पाचव्या आणि सातव्या खेपेचा ज्याने घात केला ते कारण अखेर सापडलं. लेमन कर्ड (दही नव्हे; बलक, साखर, लिंबाचा रस आणि लोणी शिजवून केलेलं दाट मिश्रण) मस्कारपोनेत गेलं की क्रीम रवाळ व्हायचं आणि दहा मिनिटांत भांड्याच्या कडेने पाणी सुटायचं. या खेपेत क्रीम गुळगुळीत मिळून आलं, छत्तीस तास फ्रिजमध्ये राहिलं आणि कापलेला तुकडा ताटलीत सरळ उभा राहिला. तळाशी पाण्याचा थेंब नाही. म्हणून ही नोंद मुख्यतः त्या फाटण्याबद्दलच आहे.

लिंबू पडलं की दूध फाटतं, त्यामुळे पहिला संशय लिंबाच्या रसावर होता. पण मस्कारपोने मुळात तयारच आम्लाने होतं. क्रीम ८५ ते ९० अंशांपर्यंत तापवतात, त्यात सायट्रिक किंवा टार्टारिक आम्ल घालतात आणि आळलेलं क्रीम निथळायला ठेवतात. एकदा आम्लाने आळलेलं क्रीम चमचाभर रसाने पुन्हा फाटेल कसं? याचा निकाल लावायला दोन वाट्या घेतल्या. पहिलीत ५० ग्रॅम मस्कारपोने आणि ५ मिली रस, दोन्ही १५ अंशांवर, हाताने ढवळलेले. ते थोडं सैल झालं, पण तासाभराने पाहिलं तरी कणी नव्हती. दुसरीत नुसतं ५० ग्रॅम मस्कारपोने, लिंबाचा थेंबही नाही, आणि इलेक्ट्रिक बीटर वरच्या वेगावर ४० सेकंद. ते रवाळ झालं. म्हणजे दोष लिंबाचा नव्हताच, फेटण्याचा होता.

मग इतकं फेटावं का लागत होतं? कारण कर्डमध्ये ६० ग्रॅम लोणी होतं आणि ते कर्ड थेट फ्रिजमधून निघत होतं. ५ अंशांवर लोणी गोठलेलं असतं, कर्डच्या गुठळ्या मस्कारपोनेत मोडत नाहीत, त्या मोडायला बीटर लावावा लागतो. मस्कारपोनेत फॅट ४० टक्क्यांच्या वर, त्याला लोणी व्हायला काही सेकंद पुरतात. फॅटचे कण एकमेकांना चिकटले की धरून ठेवलेलं पाणी मोकळं होतं. कडेने सुटणारं पाणी ते हेच. सहाव्या खेपेत उलट टोक गाठलं होतं: कर्ड ३५ अंशांवर कोमट असतानाच घातलं. तेव्हा कणी आली नाही, पण फॅट वितळून क्रीम कढीसारखं पातळ झालं आणि रात्रभर ठेवूनही आळलं नाही.

लोणी काढलं आणि निम्मं काम झालं. मस्कारपोने स्वतःच इतकं स्निग्ध आहे की कर्डमध्ये लोण्याची गरजच नाही. पण बिनलोण्याचं कर्ड करत असतानाच पुढची गोष्ट सुचली. तिरामिसूसाठी बलक आणि साखर वेगळी फेटतोच, कर्डसाठी पुन्हा बलक, साखर आणि रस शिजवतो. ही दोन कामं एकच का नकोत? रस सरळ झाबायोनेतच (वाफेवर फेटलेल्या बलक-साखरेच्या फेसातच) घातला की कर्डचं वेगळं पातेलंच लागत नाही, फेस मिळतो, आंबटपणा मिळतो आणि बलकही नीट शिजतात. कच्च्या अंड्याची काळजी मिटते, हा वरचा फायदा.

आठव्या खेपेचं प्रमाण, २० बाय २० सेंमीच्या काचेच्या भांड्यासाठी: ६ बलक (आपल्याकडच्या मध्यम अंड्यांचे साधारण ९५ ग्रॅम), १२० ग्रॅम साखर, ६० मिली गाळलेला रस, ३ लिंबांची किसलेली साल, ५०० ग्रॅम मस्कारपोने, २४ सावोयार्दी (तिरामिसूची लांबट, कुरकुरीत बिस्किटं) आणि चिमूटभर मीठ. फेटलेलं क्रीम नाही, पांढरा बलक नाही. १९७२च्या सुमारास इटलीतल्या त्रेविझोच्या ‘ले बेकेरिए’ रेस्टॉरंटमध्ये जे तिरामिसू रुजलं त्यात हे दोन्ही नव्हतं, दारूही नव्हती. लिंबू घालून कॉफी आणि कोको आपण काढतोच आहोत, निदान क्रीमची जात तरी तीच राहू द्यावी असं ठाम मत आहे.

दोन लिंबांची साल साखरेत टाकून बोटांनी चोळा. साखर ओलसर होते आणि पिवळसर दिसते, तेव्हा सालीतलं तेल साखरेत उतरलं असं समजा. बलक, ही साखर, मीठ आणि रस स्टीलच्या किंवा काचेच्या वाडग्यात घ्या. ॲल्युमिनियमचं भांडं नको, आंबट रसाला धातूची चव लागते. खाली मंद उकळतं पाणी, ते वाडग्याला टेकता कामा नये. हाताने फेटत राहा. ७ ते ८ मिनिटांत मिश्रण ८० अंशांवर येतं आणि व्हिस्क उचलल्यावर पडणारी धार क्षणभर वरच टिकते. ७५च्या खाली उतरवलं तर पुढे पातळ होतं, ८५ ओलांडले की तळाशी अंड्याची भुर्जी. इथे प्रोब असलेला थर्मामीटरच हवा. पिस्तुलासारखा इन्फ्रारेड थर्मामीटर फेसाचा फक्त वरचा पृष्ठभाग मोजतो, आणि आतलं मिश्रण त्याहून गरम असतं. सातव्या खेपेतली भुर्जी त्याच्याच भरवशावर झाली.

वाडगा गार पाण्यात ठेवून २२ अंशांपर्यंत फेटतच उतरवा. मस्कारपोने फ्रिजमधून अर्धा तास आधी काढून १४-१५ अंशांवर आणा आणि स्पॅट्युलाने वीसेक वेळा दाबून फक्त मऊ करा. बीटर कपाटातच राहू दे. आधी झाबायोनेचा तिसरा हिस्सा मस्कारपोनेत नीट मिसळा, मग उरलेला दोनदा करून वरखाली उलटवत. उरलेल्या लिंबाची साल शेवटी. तरीही किंचित कणी दिसलीच तर ३० मिली न फेटलेलं क्रीम कोमट करून हाताने ढवळा, बहुतेक वेळा सावरतं. पाणी वेगळं झालं असेल तर मात्र नाद सोडा, ते बेक करायच्या चीजकेकमध्ये वापरा.

मस्कारपोनेचा डबा घेताना मागची यादी वाचा. क्रीम, फार तर दूध, आणि आम्ल, एवढंच असेल तो डबा उत्तम. डिंक घातलेला प्रकार सहज फाटत नाही हे खरं, पण जिभेवर चिकट राहतो. २५ टक्के फॅटच्या फ्रेश क्रीमचं घरगुती मस्कारपोने दोनदा करून पाहिलं, दोन्ही वेळा सैल. किमान ३५ टक्क्यांचं क्रीम नसेल तर तो खटाटोप नको.

आता बुडवणं. पाक असा: १५० मिली पाणी आणि ६० ग्रॅम साखर, साखर विरघळेपर्यंतच गरम. गार झाल्यावर ५० मिली रस आणि ६० मिली लिमोनचेल्लो (लिंबाच्या सालीची गोड इटालियन दारू). गरम पाकात लिमोनचेल्लो ओतलं तर वास उडून जातो. दारू नको असेल तर सोलाण्याने काढलेल्या सालीच्या पट्ट्या गरम पाकात झाकून अर्धा तास ठेवा. तेही छान लागतं. बिस्कीट एका बाजूने एक सेकंद, दुसऱ्या बाजूने एक सेकंद, बस. वजन करून पाहिलं: ९ ग्रॅमचं बिस्कीट असं बुडवल्यावर साधारण १८ ग्रॅम होतं, तीन-तीन सेकंदांनी २५च्या वर जातं आणि दुसऱ्या दिवशी लगदा होतो. हातात घेतल्यावर मधोमध अजून कडक लागायला हवं, उरलेलं मुरताना होतं. बेकरीतून आलेली सावोयार्दी मऊ निघाली तर १४० अंशांवर दहा मिनिटं वाळवून घ्या.

सालीबद्दल. कागदी लिंबाचा रस चालतो, साल नाही. ती इतकी पातळ की दुसऱ्या फटक्याला पांढरा भाग येतो, आणि कडूपणा तिथेच असतो. शिवाय वास इटलीतल्या सोरेंतो-अमाल्फीच्या पिवळ्या लिंबाचा येत नाही, तो वेगळाच, तिखटसर. आयात केलेल्या पिवळ्या लिंबांवर मेण असतं, ते गरम पाण्यात ब्रशने घासून काढा. मायक्रोप्लेन (बारीक, धारदार दातांची लांब किसणी) या कामात पैसे वसूल करतो. आपली नेहमीची बारीक किसणी साल ओरबाडते.

थर लावून किमान १२ तास मुरू द्या. वर कोको नाही, लिंबाशी त्याचं जमत नाही. वरून घालायची साल वाढतानाच किसा. आदल्या रात्री किसलेली साल वाळते आणि कडवटते.

एक उणीव उरलीच. ६० मिली रस पाऊण किलो क्रीममध्ये सौम्य पडतो, आंबटपणाची धार कमी. रस वाढवला तर क्रीम सैल होईल. नववी खेप लिमोनचेल्लो विरुद्ध सालीचा पाक अशी ठरली होती, ती पुढे ढकलली. आता बिनलोण्याचं कर्ड पुन्हा येणार, पण क्रीममध्ये न मिसळता: २ बलक, ४० ग्रॅम साखर, ४० मिली रस, ८० अंशांपर्यंत शिजवून गाळलेलं, पूर्ण गार करून पहिल्या क्रीमच्या थरावर पातळ पसरलेलं. क्रीमला हात लागत नाही आणि आंबटपणा घासात वेगळा कळतो. त्याच खेपेत जाड सालीचं ईडलिंबू मिळालं तर तेही अर्ध्या साखरेत चोळून बघायचं आहे.