चार कॉलम आणि रेल्वे

रेल्वे अर्थसंकल्प म्हणजे आमच्या डेस्कवर सणच असायचा. एक आख्खं पान राखीव, आणि 'कोल्हापूरला काय मिळालं?' हा मथळा आदल्या रात्रीच तयार. ॲकवर्थ समितीच्या शिफारशीवरून १९२४ साली रेल्वेचा हिशेब बाकी सरकारी हिशेबातून वेगळा काढला, तेव्हापासूनचा हा वेगळ्या अर्थसंकल्पाचा रिवाज. २०१७ ला तो मोडला. १ फेब्रुवारीला अरुण जेटली एकच अर्थसंकल्प मांडणार होते, रेल्वे त्यातच. मी तेव्हा कोल्हापुरातल्या एका दैनिकात होतो आणि रेल्वे माझ्याकडे होती. उपसंपादकांनी सवयीनं चार कॉलम सोडून ठेवले होते.

भाषणात रेल्वे आली आणि चहा संपायच्या आत गेलीसुद्धा. भांडवली खर्च १ लाख ३१ हजार कोटी, त्यातले ५५ हजार कोटी सरकारचे. सुरक्षेसाठी पाच वर्षांत १ लाख कोटींचा निधी. ऑनलाइन तिकिटावरचं सेवा शुल्क माफ. कोल्हापूरचं नाव नाही, कोकण रेल्वेवरच्या वैभववाडीचं तर नाहीच.

"झालं?" उपसंपादकांनी विचारलं.

"झालं."

"मग चार कॉलमात काय घालू, माझा फोटो?"

तेवढ्यात पत्रकं यायला लागली. जिल्हा परिषदेच्या निवडणुका तोंडावर होत्या, त्यामुळं कुणालाच दम निघत नव्हता. एका पक्षाच्या पत्रकात कोकण रेल्वे जोडमार्गाला गती देणारा ऐतिहासिक अर्थसंकल्प, दुसऱ्याच्या पत्रकात त्याच मार्गावरून कोल्हापूरच्या तोंडाला पानं पुसलेली. कोल्हापूर-वैभववाडी हा सुमारे १०८ किलोमीटरचा मार्ग आदल्या वर्षीच्या, म्हणजे शेवटच्या स्वतंत्र रेल्वे अर्थसंकल्पात आला होता. यंदाच्या भाषणात त्याचा शब्दही नव्हता. पण दोन्हीकडच्या कार्यकर्त्यांनी भाषण ऐकलंय कशाला? एका फाईलवर आदल्या दिवशीची तारीख होती. निवडणूक जवळ आली की आमच्याकडं प्रतिक्रिया आधी जन्मते आणि घटना नंतर.

जागा भरायची होती म्हणून संध्याकाळी स्टेशनवर गेलो. शाहू टर्मिनसला रूळ संपतात, पुढं रस्ता आणि गाव. महालक्ष्मी एक्स्प्रेसला अजून वेळ होता. बाकावर एक आजोबा-आजी बसले होते, मुंबईला लेकीकडं निघालेले. आजोबांनी तिकीट माझ्यापुढं धरलं आणि खालच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. आदल्या वर्षापासून ती ओळ तिकिटावर छापून येत होती: प्रवासाच्या खर्चापैकी सरासरी फक्त ५७ टक्केच रेल्वेला वसूल होतात.

"हे नातवानं वाचून दाखवलं," आजोबा म्हणाले. "म्हंजे बाकीचं सरकार भरतंय, उपकार करतंय आमच्यावर, असंच न्हवं?"

त्यांना ज्येष्ठांची सवलतही होती. तेव्हा पुरुषांना ४० टक्के, बायकांना ५०. २०२० च्या मार्चमध्ये ती बंद झाली ती परत आली नाही.

शेजारचा तरुण पोरगा म्हणाला, "खरंच आहे की काका. एसटीचं भाडं बघा आणि हे बघा. तोटा कुणीतरी सोसायलाच पाहिजे."

त्यावर पलीकडचे एक गृहस्थ सरकून जवळ आले. मालधक्क्यावर क्लार्क म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले. "सोसतंय कोण, ते सांगतो. मालगाडी सोसतीया. कोळशाचं भाडं चढं लावायचं आणि त्यातनं प्रवाशाचा खड्डा भरायचा. तो कोळसा जातो वीज करायला. वीजबिल कोण भरतंय? तुम्हीच न्हवं? मग उपकार कुणाचा कुणावर?" मग म्हणाले, "आणि ही मिरजेची लाईन दिल्लीनं न्हाई दिलेली. १८९१ ला संस्थानानं काढली."

आजोबांनी तिकिटाची घडी घालून खिशात ठेवली. "मग ह्येबी छापा की खाली," म्हणाले.

चार कॉलमांचा प्रश्न सुटला होता.

खरं सांगायचं तर जुन्या सोहळ्याचं मला फार कौतुक नव्हतं. मंत्री आपापल्या मुलखाला गाड्या वाटायचे, पैशाचं नंतर बघू. २०१५ ला सुरेश प्रभूंनी भाषणात एकही नवी गाडी जाहीर केली नाही, तेव्हा आमच्याच पानावर किती आरडाओरडा! विलीनीकरणानं रेल्वेचा सरकारला द्यायचा लाभांश सुटला, वर्षाला जवळपास दहा हजार कोटी. ही काही लहान गोष्ट नव्हे. पण भाषणाबरोबर जाब विचारायचा ठरलेला दिवसही गेला, आणि खासदारांना ते सोयीचंच झालं.

जाब आता पिंक बुकात, म्हणजे रेल्वेच्या कामांच्या खर्चाच्या पुस्तकात, शोधावा लागतो. कुठल्या मार्गाला यंदा किती, ते झोनवार त्यात असतं, आणि ते भाषणाच्या मागून येतं. पहिल्यांदा उघडलं तेव्हा एका मार्गापुढं नुसता १ दिसला. मला वाटलं एक कोटी. मध्य रेल्वेतल्या एका ओळखीच्या माणसाला फोन केला, तर तो हसायला लागला. त्या तक्त्यातले आकडे हजारात असतात. १ म्हणजे एक हजार रुपये. काम यादीतून जाऊ नये म्हणून ठेवलेली नाममात्र रक्कम. हजार रुपयांत रुळाचा एक तुकडा येत नाही, पण 'प्रकल्पाला निधी मंजूर' असं पत्रक मात्र निघतं.

त्यानंतर असलं पत्रक घेऊन कुणी आलं की मी आधी विचारतो, "तक्त्यात किती?" बहुतेक जण म्हणतात, "ते साहेबांना विचारून सांगतो."