बत्तीस कधी मिळवायचे, कधी नाही

ग्वाल्हेरला मे अखेरच्या नवतपात पारा ४५ ला टेकतो, आणि जानेवारीच्या धुक्यात पहाटे ५ पर्यंत उतरतो. अमेरिकेतल्या नातेवाइकांना फॅरनहाइटमध्ये सांगायचं तर ११३ आणि ४१. दोन्हींतला फरक सेल्सिअसमध्ये ४० अंश, फॅरनहाइटमध्ये ७२. आता मोबाइलच्या कन्व्हर्टरमध्ये ४० टाकून बघा, उत्तर येईल १०४! कन्व्हर्टरचं काही चुकलेलं नाही. त्याला वाटलं तुम्ही तापमान विचारताय, तुम्ही विचारत होता फरक.

बहुतेक घोळ इथेच होतो. सेल्सिअसचं फॅरनहाइट करायच्या सूत्रात दोन भाग आहेत. १.८ ने गुणणं म्हणजे अंशाचा आकार बदलणं आणि ३२ मिळवणं म्हणजे शून्याची जागा बदलणं. फॅरनहाइटने १७२४ मध्ये आपली पट्टी मांडली तेव्हा बर्फ, पाणी आणि नवसागराच्या मिश्रणाला शून्य धरलं, त्यामुळे नुसतं बर्फ-पाणी ३२ वर गेलं. फरक काढताना दोन्हीकडचे ३२ एकमेकांत कटतात, म्हणून फरकाला फक्त १.८ ने गुणायचं.

ओव्हनपाशी हीच चूक महागात पडते. पंखा चालू असलेल्या ओव्हनमध्ये भाजायचं असेल तर रेसिपीतलं तापमान साधारण २० सेल्सिअसने कमी ठेवतात. आता मूळ रेसिपी ३५० फॅरनहाइटची, म्हणून कोणी २० चे ६८ करून वजा केले, तर राहतात २८२, म्हणजे जेमतेम १३९ सेल्सिअस. नानकटाई मधे कच्ची आणि वरून पांढरीफटक. खरं तर वजा करायचे ३६. ३१४ फॅरनहाइट म्हणजे १५७ सेल्सिअस, बटण १६० वर ठेवा. दशांशाच्या मागे लागू नका. साध्या ओटीजी ओव्हनचा काटा पाच-दहा अंश इकडेतिकडे असतोच.

तोंडी हिशेबाला दोन वाटा. सेल्सिअसवरून फॅरनहाइटला जाताना दुप्पट करा, त्यातून त्याचाच दहावा भाग काढा, मग ३२ मिळवा. ४३ चे ८६, वजा ८.६, राहिले ७७.४, अधिक ३२, झाले १०९.४. हे अंदाजपंचे नाही, तंतोतंत आहे. ‘दुप्पट करून ३० मिळवा’ असं जे सांगतात ते हिवाळ्यात चालून जातं. आपल्या उन्हाळ्यात नाही, ४५ ला ते थेट १२० दाखवतं.

दुसरी वाट जास्त चांगली, कारण ३२ आधी की नंतर हा प्रश्नच उरत नाही. उणे ४० ला दोन्ही पट्ट्या जुळतात, म्हणून कुठूनही निघा, आधी ४० मिळवा, शेवटी ४० वजा करा. मधे फॅरनहाइटकडे जाताना १.८ ने गुणायचं, सेल्सिअसकडे येताना १.८ ने भागायचं. ताप १०२ असेल तर १४२ भागिले १.८, म्हणजे ७८.९, वजा ४० म्हणजे ३८.९.

तापाचा विषय निघालाच आहे तर ९८.६ बद्दल. ही संख्या जितकी काटेकोर दिसते तितकी नाही. १८६८ मध्ये वुंडरलिश या जर्मन डॉक्टरने निरोगी शरीराचं सरासरी तापमान ३७ सेल्सिअस सांगितलं, आणि ३७ चं रूपांतर केलं की ९८.६ येतं. मूळ आकडा गोळाबेरीज, दशांश नंतर चिकटला. ताप धरायच्या १००.४ चंही तसंच, ते म्हणजे ३८. घरात आजी फॅरनहाइटमध्ये बोलते आणि डॉक्टर सेल्सिअसमध्ये लिहितात, तेव्हा ३८.५ म्हणजे १०१.३, ३९ म्हणजे १०२.२ आणि ४० म्हणजे १०४ एवढं पाठ असलं की बहुतेक काम भागतं.

गुणोत्तर आलं की मात्र ही दोन्ही मापं निकामी. रात्री २८ अंशांना टायरमध्ये ३२ पॉइंट (पीएसआय) हवा भरली आणि दुपारी तापलेल्या रस्त्यावर टायर ६० अंशांवर गेला. दाब किती? सेल्सिअसचं गुणोत्तर घेतलं तर ६९ पॉइंट, फॅरनहाइटचं घेतलं तर ५४. टायर एकच, उत्तरं दोन, आणि दोन्ही खोटी. इथे निरपेक्ष शून्यापासून मोजणारं केल्विनच हवं, म्हणजे सेल्सिअसमध्ये २७३.१५ मिळवायचे. शिवाय गेज बाहेरच्या हवेचा दाब धरत नाही, ते सुमारे १४.७ पॉइंट आधी मिळवायचे आणि शेवटी काढायचे. ४६.७ गुणिले ३३३ भागिले ३०१, वजा १४.७, म्हणजे ३७ च्या आसपास. तेव्हा दुपारी पंपावर काटा ३७ दाखवतोय म्हणून हवा सोडू नका. टायर गार झाला की तो पुन्हा ३२ वरच येणार, आणि सोडलीत तर सकाळी २७-२८ वर चालवाल.

कॉलेजातल्या पोरांसाठी जाता जाता: सी भाषेत ५/९ असं लिहिलं की दोन्ही पूर्णांक असल्यामुळे उत्तर शून्य येतं आणि प्रत्येक तापमान शून्य सेल्सिअस छापलं जातं. ९/५ चा १ होतो, मग ४५ चे ७७ निघतात, आणि ही चूक जास्त वाईट, कारण ७७ पटण्याजोगं दिसतं. ५.०/९ किंवा ९.०/५ लिहा, आणि प्रोग्रॅम तपासायला उणे ४० टाका. तेवढंच बाहेर आलं पाहिजे.